साडेसातीतही सूट

आमच्या घरमालकांनी साडेसातीतसुद्धा सूट मागितली होती.

शनिशिंगणापूरला आम्ही सगळे मिळून गेलो होतो. तेलाची बाटली आणि रुईच्या पानांची माळ घेऊन झाली, दोन्हींवर रीतसर सूट मागून झाली. मग बाहेर बसलेल्या एका ज्योतिषाने त्यांचा हात हातात घेतला आणि मान हलवली. साडेसाती लागलीय म्हणाला.

"किती वर्षं?" घरमालकांनी विचारलं.

"साडेसात. नावातच आहे की."

"ती सिव्हिलियनला. फौजीला किती?"

ज्योतिषाने वर बघितलं. समोर पांढऱ्या मिशांचे, कडक इस्त्रीचे, छाती काढून बसलेले एक गृहस्थ होते आणि ते अजिबात हसत नव्हते. "शनिमहाराजांकडं तसलं काही नसतं हो," तो म्हणाला.

"इचारून तर बघा. म्हनावं, रनगाड्यावर ड्रायव्हर हुता."

मागची रांग वाढायला लागली तेव्हा ज्योतिषाने हात टेकले. "बरं, शेवटची अडीच वर्षं हलकी जातील," तो म्हणाला. परतीच्या जीपमध्ये घरमालक केडगाव येईपर्यंत मिशीला पीळ देत होते. "बघ," ते काकूंना म्हणाले, "मागितल्याबिगर देव बी देत न्हाई."

काकू म्हणाल्या, "माझ्या नशिबाची साडेसाती समोर बसलीय, तिच्यात काय सूट मिळती का बघा."

केडगावात त्यांच्या घराच्या माडीवर दोन खोल्यांत मी राहते. मी जवळच्या शाळेत शिकवते. भाडं ठरवायला गेले त्या दिवशीच त्यांचा स्वभाव कळला असता तर मी दुसरीकडे बघितलं असतं, आणि आयुष्यातल्या फार मोठ्या करमणुकीला मुकले असते. घरमालकांना, म्हणजे काकांना, सूट लागायची. भाजीवर, केस कापण्यावर, पंक्चरवर तर लागायचीच, पण जिथे पैशाचा संबंध नाही तिथेही लागायची. डॉक्टरांनी गोड बंद म्हणून सांगितलं तर "फौजीला रविवारची एक जिलबी तर बसंलच की." पूजेला गुरुजींनी तासभर मांडी घालून बसायला सांगितलं तर "फौजीला पाय लांब करून चालंल?" काकू भांडायला लागल्या की मधेच हात वर करून म्हणत, "आवाज जरा कमी. माजी सैनिक हाय." काकूंचा आवाज त्यावर हमखास वाढायचा.

त्यांची एक जुनी स्कूटर होती. तिला ते रणगाड्यासारखंच वागवत. रणगाड्याच्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, म्हणून रणगाडा मागे घेताना एक माणूस जमिनीवर उभा राहून हातवारे करतो म्हणे. तो नियम काकांनी निवृत्तीनंतरही सोडला नव्हता. स्कूटर फाटकातून मागे काढायची तर मागे माणूस हवा. काकू स्वयंपाकात असल्या की माडीखालून हाक यायची, "बाई, जरा गाईड करा!" मग मी हातातला खडूचा डबा ठेवून खाली जायचे, रस्त्यात उभी राहून दोन्ही हात हवेत हलवायचे, डावीकडे, उजवीकडे, थांबा. येणारेजाणारे बघत राहत. शाळेतली पोरं माझी नक्कल करायची ती फळ्यावर लिहितानाची नव्हे, ही.

आता वाटेल की माणूस चिकट होता. तसं नव्हतं, आणि हेच मला समजायला वेळ लागला. सूट मिळवून ते जेवढं वाचवत त्याच्या दुप्पट तिथल्याच माणसाला चहा पाजण्यात घालवत. त्यांना हवी असायची ती पद्धत. सूट मागायची, समोरच्याने "कुठं होता, काका?" असं विचारायचं, मग त्यांनी गोष्ट सांगायची, आणि गोष्ट संपली की भाव ठरायचा. गोष्ट एकच होती. सगळ्या बाजाराला पाठ होती.

"राजस्थानात हुतो. वाळूच वाळू. पलीकडं ते, अलीकडं आमी. लढाई आज व्हती का उद्या, असं कैक दिवस. रनगाड्याचं इंजिन चाललं की वरचा पत्रा तव्यागत तापायचा. म्हनलं, एवढा जाळ फुकट का घालवा? पीठ घरनं आनलेलं. बाजरीची भाकरी थापली आन् टाकली पत्र्यावर. एक बाजू भाजली न भाजली तवर वरनं हुकूम, आगे बढो! साहेब वरडले, चल! मी म्हनलं, साहेब, भाकरी उलटवू? साहेबाच्या बी पोटात कावळेच हुते. म्हनले, उलटव, पर लवकर. उलटवली. तेवढ्यात दुसरा हुकूम आला, थांबा! लढाई झालीच न्हाई. आता सांगा, भाकरी नसती तर?"

गोळी एकही सुटली नव्हती. ते कधी लपवतही नसत. उलट त्यावरच त्यांचा हिशेब उभा होता. कोणी खवचटपणे म्हणालं, "म्हणजे तुम्ही लढलाच नाहीत," की काका शांतपणे विचारत, "राखनदाराला चोर आला तरच पगार द्यायचा का?"

पुणे रस्त्याला एक मोठं चकचकीत दुकान उघडलं. दारातच पाटी होती, माजी सैनिकांना दहा टक्के सूट. मी हौसेने काकांना सांगितलं. ते इस्त्रीचे कपडे घालून गेले, साबण, चहापत्ती घेऊन काउंटरवर उभे राहिले आणि खाकरले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "कार्ड?" काकांनी कार्ड दिलं. तिने टकटक केलं, सूट वजा झाली, "नेक्स्ट." काका जागचे हलेनात. "काही राहिलं का, काका?" तिने विचारलं. काकांनी सामान तिथेच ठेवलं आणि हात हलवत घरी आले. दोन दिवस त्या दुकानाला शिव्या देत होते. काकूंना वाटलं सूट नाकारली. "दिली की!" काका कडाडले. "तोंडावर फेकली!" मोबाईलने पैसे घ्यायची ती चौकोनी चित्रं गाड्यांवर लागली तेव्हाही ते असेच खवळले होते. "ह्या कागदाला मी कसं सांगू, मी कुठं हुतो?"

एकदा मीही भाड्यात सूट मागितली. म्हटलं, मीही देशसेवाच करते. काकांनी डोळे बारीक केले. "तुमी कोनची लढाई टाळली?"

"सातवी ब," मी म्हणाले.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "कुठं बसता? वर्गात दारं किती?" मग मला सगळं सांगावं लागलं, बाकं, बेडूक, वह्यांची विमानं, मुख्याध्यापकांची फेरी. ऐकताना ते मधेच "बाप रे" म्हणत. त्या महिन्यापासून भाडं कमी झालं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना मला कधी नव्हे इतका जोर आला होता. माझ्या सातवी ब बद्दल तोवर कोणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

काकांची एकुलती एक लेक, अश्विनी, नगरच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथेच एक्स-रे काढणारा कोल्हारचा एक मुलगा तिला आवडला. आधी तिने मला सांगितलं, मग मी काकूंना, मग काकूंनी काकांना, तेही जिलबीच्या रविवारी. मुलाचे वडीलही फौजी, पायदळातले, आता प्रवरेकाठी शेती करतात, हे कळल्यावर काका हवेत तरंगायला लागले. "फौजीची सोयरीक फौजीशी! म्हंजे देन्याघेन्याचा सवालच न्हाई. दोघं बी सूट मागनार, फिट्टंफाट!"

कोल्हारचे पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, बायको आणि मुलाला घेऊन आले. उंच, काटक, एका कानाने कमी ऐकणारे, आणि बोलणं मोजकं. पोहे झाले. काकांनी स्वतः उठून पेढ्यांचा पुडा फोडला आणि तिथेच घोळ झाला.

"घ्या, घ्या! सूट घेऊन आनलेत. म्हनलं, दोन फौजी एका जागी बसनार, दुप्पट सूट पायजे!"

कोल्हारच्या पाहुण्यांनी तोंडाशी नेलेला पेढा खाली ठेवला. "माझ्या नावानं सूट मागितली?"

"मग! तुमी मागत न्हाई?"

"कंदीच न्हाई. देशाला दिलं ते दिलं. वर्दी दाखवून पेढं स्वस्तात घ्यायचं असलं तर फौजेत कशाला जायचं, हलवायाकडं कामाला ऱ्हायचं."

काकांनी राखणदार काढला. पाहुणे म्हणाले, राखणदाराला पगार मिळतो, पेन्शन मिळतं, वर भीक मागायची नसती. भीक हा शब्द उच्चारला आणि खोलीतली हवाच बदलली. काका उठून उभे राहिले, पाहुणेही उठले. दोघे सावधानमध्ये समोरासमोर, मधे पेढे. पाहुण्यांनी बायकोला खूण केली, मुलाला खूण केली, आणि पाच मिनिटांत दारातल्या चपला नाहीशा झाल्या.

अश्विनी माडीवर माझ्याकडे येऊन रडली. "बाई, मी दुसरीकडे लग्न करणार नाही. आणि बाबांना बदलायला सांगायला मला तोंडही नाही. ते असेच आहेत म्हणून मला आवडतात." मला त्या क्षणी काकांचा इतका राग आला की स्कूटर मागे घेताना त्यांना गटारात गाईड करावं असं वाटलं.

पंधरवड्याने कोल्हारच्या काकूंचा, म्हणजे मुलाच्या आईचा, फोन आला. मुलाने जेवण टाकलं होतं, म्हणून नवरा थोडा वाकला होता. एकच अट होती. नगरला बस्ता बांधायला दोन्ही घरं येणार. लग्नाचे सगळे कपडे एकत्र बसून घेण्याचा तो दिवस. त्या दिवशी अश्विनीच्या वडिलांनी सबंध बाजारात कुठेही सूट मागायची नाही. मागितली तर बस्ता गादीवर सोडून कोल्हारचे लोक उठणार, आणि मग पुन्हा विषय नाही.

काकांनी अट ऐकली, लेकीकडे बघितलं, आणि म्हणाले, "मंजूर." नंतर मला हळूच म्हणाले, "बाई, लग्नासाठी हाय म्हनून. अटीत काय सूट मिळंल का?"

बस्त्याच्या दिवशी मला मुद्दाम सोबत घेतलं होतं. काकूंनी मला काकांच्या उजव्या हाताला ठेवलं, स्वतः डाव्या हाताला. आम्ही त्यांचं तोंड दाबायच्या तयारीत होतो. पण धोका काकांकडून नव्हताच, बाजाराकडून होता.

कापड बाजाराच्या तोंडाशी चहावाल्याने पैसे घेताना हात आखडला. "काका, काय म्हणायचं राहिलं का?"

"न्हाई."

"बरं नाही का?"

"बरा हाय."

चहावाल्याने काळजीने काकूंकडे बघितलं आणि मागितलेली नसताना सूट देऊ केली. काकांनी पैसे पूर्ण दिले आणि ताडताड पुढे निघाले. कोल्हारचे पाहुणे काही न बोलता सगळं टिपत होते. पुढे चपलांच्या दुकानातून आवाज आला, "फौजी, आज कुठली मोहीम?" काकांनी मान खाली घातली. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. भर बाजारात मौन पाळणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघत होते.

कापडाचं दुकान चाचांचं. काकांच्या लग्नाचा बस्ताही चाचांच्या वडिलांनी बांधला होता. चाचा गादीवर बसले होते, पांढरी टोपी, नाकावर चष्मा. "या या, फौजीसाब!" साड्या पडायला लागल्या, शालू, नऊवारी, आहेराच्या, मानपानाच्या. बायकांनी सगळं पसंत केलं. ढीग बांधायची वेळ आली आणि चाचांनी पेन बाजूला ठेवलं. काकांकडे बघून वाट बघत राहिले.

"किती झालं?" काकांनी विचारलं.

"असं कसं? आधी तुमची गोष्ट, मग माझा भाव. माझ्या अब्बांच्या टायमापासून असंच चाललंय."

"आज गोष्ट न्हाई."

चाचांचा चेहरा पडला. "तब्येत तरी बरी आहे ना? लेकीचं लग्न आणि गोष्ट नाही? असा बस्ता अपशकुनाचा, मी बांधणार नाही." आणि कोल्हारच्या मंडळींकडे वळून ते म्हणाले, "हे नाही सांगत तर मी सांगतो. राजस्थानात होते. वाळूच वाळू..." बाजूला साड्यांच्या घड्या घालणाऱ्या माणसांनीही हात थांबवले. सगळे मिळून सांगायला लागले. एकजण म्हणाला "आगे बढो," दुसरा म्हणाला "साहेब, भाकरी उलटवू?" चाचा रंगात आले. "आणि ती ज्वारीची भाकरी अशी टम्म फुगली—"

"बाजरीची!" काका असे ओरडले की शालूचा ढीग कोसळला. "ज्वारीची न्हवं, बाजरीची! बोलता ते धड तरी बोला!"

मी आणि काकूंनी एकदम त्यांचे दोन्ही दंड धरले. अश्विनीने डोळे मिटले. पण सूट तर मागितली नव्हती. सगळे कोल्हारच्या पाहुण्यांकडे बघायला लागलो. त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं होतं. कोल्हारच्या काकू तर पदर तोंडात घालून हसत होत्या.

चाचांनी चष्मा पुसला आणि सहज, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "आणि तुम्हीपण फौजीच ना, व्याहीसाब? तुम्ही कुठं होता?"

"कुठं न्हाई. डोंगरात."

"कुठल्या डोंगरात?"

"बर्फाच्या." चाचा थांबले. गिऱ्हाइकासाठी थांबायची त्यांना सवय होती. पाहुणे ढिगाकडे बघत म्हणाले, "तुमची भाकरी फुगायची. आमची गोठायची."

ते बोलत राहिले, हळू, एकेक शब्द शोधून. रोट्या दगडासारख्या व्हायच्या. बंदुकीच्या दस्त्यानं फोडाव्या लागायच्या. त्यांच्यातला एक पोरगा मग सगळ्यांच्या रोट्या कोटाच्या आत, पोटाशी बांधून फिरायचा. त्याचं अंग लई ऊन असायचं. जेवायच्या वेळी काढून द्यायचा आणि म्हणायचा, घ्या, आईच्या चुलीवरच्या.

"एक दिवस वरनं गोळं पडलं. माझा कान तवाच गेला. त्याला काही कळलं बी नसंल. आमी त्याला खाली घेतला, कोट उघडला. रोट्या आत तशाच हुत्या. ऊन हुत्या अजून." त्यांनी गादीवरची एक सुरकुती हाताने सपाट केली. "खाल्ल्या आमी. दोन दिस काय मिळनार नव्हतं. त्याच्या वाट्याची बी खाल्ली. आता त्या रोटीवर मी कुनाकडं काय सूट मागू?"

कोल्हारच्या काकूंनी पदर तोंडातून काढला होता. "मला बी कंदी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं झाली."

"कुनी इचारलंच न्हाई," पाहुणे म्हणाले.

मला रडू आलं होतं आणि मी ते लपवलं नाही. तेवढ्यात माझ्या शेजारचा दंड माझ्या हातातून निसटला. काका उठले. गादीवर चालत, साड्या चुकवत ते पाहुण्यांसमोर जाऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"तुमी मागू नका," ते म्हणाले. "बरूबर हाय तुमचं. तुमी मागू नका. तुमच्यासाठी मी मागतो."

आणि कोणी अडवायच्या आत ते चाचांकडे वळले आणि त्यांनी अशी काही सूट मागितली, इतक्या खणखणीत आवाजात, की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. शालूवर मागितली, नऊवारीवर मागितली, पिशव्यांवर मागितली. अट मोडली होती, उघड उघड, सगळ्यांच्या देखत. अश्विनी पांढरीफटक पडली. कोल्हारच्या पाहुण्यांनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं ते रडताहेत. त्यांनी मान वर केली तर ते हसत होते, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत.

"द्या हो चाचा," ते म्हणाले. "न्हाईतर हा मानूस गप बसायचा न्हाई."

लग्न झालं. मंगलाष्टकांआधी पुढाऱ्यांचे सत्कार इतके लांबले की काकांनी माइकवाल्याकडे जाऊन फौजींच्या पोरांसाठी भाषणात सूट मागितली, आणि ती मिळाली, हा केडगावात अजून चमत्कार मानला जातो.

आता कोल्हारचे व्याही महिन्यातून एकदा लेकासुनेकडे नगरला येतात आणि केडगावलाही चक्कर टाकतात. आल्यावर स्कूटर बाहेर काढायला मला बोलवावं लागत नाही. व्याही रस्त्यात उभे राहून हात हलवतात, चांगल्या कानाने काकांचं ऐकत, आणि मी माडीवरून बघते.

गेल्या महिन्यात मी पुणे रस्त्याच्या त्या चकचकीत दुकानात आईस्क्रीम घेऊन रांगेत उभी होते. पुढे हे दोघे. मला धक्काच बसला, कारण काका तिथे पुन्हा पाऊल टाकणार नाहीत अशी माझी खात्री होती. काउंटरवर तीच मुलगी. "कार्ड?" ती म्हणाली.

"कार्ड मागनं," काका म्हणाले. "आधी ह्यांना इचार, कुठं हुता."

मुलीने गोंधळून व्याह्यांकडे बघितलं. "कुठं होता, काका?" व्याही नको नको म्हणाले, मग खाकरले, मग काउंटरला टेकले. मागून एकजण घाई करायला लागला होता, तोही थोड्या वेळाने पुढे वाकून ऐकायला लागला. माझं आईस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलं. व्याह्यांचं सांगून झालं तेव्हा ती मुलगी टकटक करायची विसरून गेली होती. मग तिचं लक्ष शेजारी उभ्या असलेल्या, कडक इस्त्रीच्या, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांकडे गेलं.

"आणि तुम्ही, काका? तुम्ही कुठं होता?"

मला वाटलं, आता वाळू, आता पत्रा, आता भाकरी. काकांनी एकदा मिशीला पीळ दिला, व्याह्यांची पिशवी उचलली आणि म्हणाले,

"मी व्हय? मी ह्यांचा ड्रायव्हर."